मातीच्या कुत्र्याचा चौथा पाय

मंगळवार होता. आमच्या गल्लीतून मंगळवारी जळणारा कचरा नेतात. मी पिशवी बांधून जाळीखाली ठेवली, जाळीचं टोक विटेनं दाबलं, कारण इथं कावळे फार, आणि परत वळलो तर महेश दारात उभा. बाहेर बर्फ आणि याच्या पायात चप्पल नाही. माझा मुलगा इथल्या युनिव्हर्सिटीत धातूंवर संशोधन करतो, चाळिशी उलटलेला माणूस. त्याला असा अनवाणी बघितला आणि मला कळलंच. "आप्पा," म्हणाला, "ओनो-सानचा फोन होता. उज्ज्वलामावशी गेल्या. पहाटेच." मी म्हटलं, "पाय ओले झालेत तुझे, आत हो." आत येऊन चहा ठेवला, उकळून उकळून काळा झाला, तसाच ओतून दिला... त्याला आता सात आठवडे झाले. इथली, म्हणजे जपानातल्या सेंदाईतली, आपली मराठी माणसं म्हणाली, आप्पा, तुम्ही लिहा, तुम्ही त्यांच्या हाताखाली काम केलंय. हाताखाली नाही केलं. शेजारी बसून केलं. एवढं आधीच सांगून ठेवतो, मग पुढचं.

उज्ज्वलाबाई पुण्याच्या. तिशीच्या आत रसायनशास्त्र शिकायला इकडं आल्या आणि इथल्याच झाल्या. लग्न केलं नाही. शहराच्या कडेला, बसचा शेवटचा थांबा येतो तिथं, एका जुन्या घराण्यानं जमवलेला मातीच्या वस्तूंचा संग्रह आहे. सगळी चीनमधली जनावरं, हजार-दोन हजार वर्षांपूर्वीची. फुटलेली जोडायची, मळलेली साफ करायची, त्यांचं दुखणंखुपणं बघायचं, हे काम बाईंनी तीस वर्षं केलं. आणि मी कुंभार. कोल्हापूरकडचा. शाळा चौथीपर्यंत, तीही रडतखडत, कारण बापाला चाकाजवळ हात कमी पडत होता. बायको गेली तेव्हा महेशनं मला इथं आणलं, सहा वर्षं झाली. आणलं असंच मी म्हणतो, आलो असं म्हणत नाही.

आमची गाठ पडली ती गणपतीत. इथले पुण्या-मुंबईचे पोरगे दरवर्षी हॉल घेऊन गणपती बसवतात. त्या वर्षी मूर्ती मी केली होती, दुकानातल्या पाकिटातल्या मातीची. पाकिटातली माती म्हणजे दात नसलेल्या माणसासाठी शिजवलेली खिचडी, तिला अंगच नाही, तरी केली. आदल्या दिवशी मूर्ती टेबलावर होती आणि करड्या केसांच्या एक बाई आल्या, त्यांनी मूर्ती दोन्ही हातांत घेतली आणि सरळ उलटी केली.

"अहो बाई! मूर्ती आहे ती!" मी ओरडलोच.

"प्रतिष्ठा झाली का?"

"उद्या आहे."

"मग आज माती आहे," बाई म्हणाल्या आणि तळातून आत बोट घालून फिरवलं. "तळ बघितल्याशिवाय मला काही कळत नाही. जाडी सगळीकडं सारखी ठेवलीत. कुठं शिकलात?"

"शिकलो नाही. बापानं मारून करून घेतलं."

"माझ्या गाईडनं पण तसंच," म्हणाल्या आणि मूर्ती होती तशी, अगदी हलक्या हातानं ठेवली. माझा राग तिथंच अर्धा गेला. माती खाली ठेवायची कशी हे ज्याला कळतं त्याच्याशी फार वेळ भांडता येत नाही.

पुढच्या गुरुवारी त्यांनी मला बोलावलं. महेशनं बसचा नंबर कागदावर लिहून दिला. त्यांच्या कामाच्या खोलीत शिरलो आणि बघतो तर टेबलावर डुकरीण, पोटाला चार पिल्लं लुचतायत. पलीकडं कोंबडी, पाठीवर पिल्लू घेऊन बसलेली. एक मेंढा. एक बदक. मी म्हटलं, बाई, हा तर बाजार झाला. त्या म्हणाल्या, "बाजार नाही, घर आहे. मेलेल्या माणसाचं घर." मग सांगत बसल्या. तिथं माणूस मेला की खाली खोली करून त्याला ठेवायचे आणि वर जे जे त्याच्या दारात होतं ते ते मातीचं करून शेजारी मांडायचे. डुक्कर, कोंबड्या, धान्याची कणगी, चूल. तिकडं जाऊन उपाशी राहू नये, एकटं पडू नये. दाराशी कुत्रा, राखणीला. मोठ्यांच्या थडग्यात घोडे आणि पुढच्या काळात पाठीवर ओझी लादलेले उंट, हिरव्या-पिवळ्या-तपकिरी रंगांचे, झिलई दिलेले. दारातच शिंगं असलेलं एक अक्राळविक्राळ जनावर बसवलेलं, आत वाईट काही येऊ नये म्हणून आणि आतला बाहेर येऊ नये म्हणूनही. आणि त्याच्याही फार आधी, बाई म्हणाल्या, खरी जनावरं मारून पुरायचे. राजा मेला की घोडे मारायचे, कुत्रे मारायचे, माणसंसुद्धा. मग हळूहळू मातीची करायला लागले.

मी म्हटलं, "म्हणजे कुंभारानं जीव वाचवले."

"असं पुस्तकात कुणी लिहिलं नाही," बाई म्हणाल्या, "पण लिहायला हवं होतं."

त्यांच्या या एका वाक्यावर मी चार वर्षं दर गुरुवारी ती बस धरली. आमच्याकडं बेंदराला, म्हणजे आमच्या पोळ्याला, घरोघर मातीचे बैल द्यायचे असतात. पंधरा दिवस आधीपासून आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची, ओटीवर बैल, माळ्यावर बैल. एक दिवस पूजा, नंतर पोरं खेळवायची, पावसात विरघळून जायचे. मी बाईंना म्हणायचो, आमचे बैल जिवंत बैलाचे, एका दिवसाचे. तुमची डुकरं मेलेल्या माणसाची, दोन हजार वर्षांची. पण हात एकच आहे, बघा हे, इथं साच्यात माती दाबताना अंगठा घसरलाय याचा. त्या भिंग लावून बघायच्या आणि वहीत लिहून घ्यायच्या. एवढ्या शिकलेल्या बाई, चार भाषा येणाऱ्या, माझं बोलणं लिहून घ्यायच्या. मी घरी कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी मी बसमधून एक थांबा आधी उतरून चालत आलो होतो.

आता त्या कुत्र्याचं सांगतो. लिहायला बसलो तेव्हापासून ते टाळतोय.

मधे एक मोठा हादरा बसला. इथं हादरे नेहमीचेच, पण त्या वेळी संग्रहाची दोन कपाटं आडवी झाली. दुसऱ्या दिवशी बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या, चाळण घेऊन, तुकडे वेचत. सगळ्यांत वाईट हाल कुत्र्याचे झाले होते. हातभर लांबीचा कुत्रा, करड्या मातीचा, झिलई नाही. कान टवकारलेले, शेपूट पाठीवर गुंडाळलेलं, गळ्याला आणि छातीला रुंद पट्टा. पट्टा एवढा नीट काढलेला की त्या कुंभाराच्या दारात तसाच कुत्रा असणार, मला शंका नाही. तीन पाय मिळाले. मागचा डावा मिळाला म्हणायचा तर पिठाच्या रूपात. दीड वर्ष बाई तो कुत्रा जोडत होत्या. हादऱ्यात फुटलेलं सगळं दुरुस्त करून एकदा लोकांसमोर मांडायचं, असं संग्रहानं ठरवलं होतं, आणि बाईंचा जीव त्या कुत्र्यात होता. बाकी सगळं मिळून एकीकडं, कुत्रा एकीकडं. शेवटी तो पोटाखाली उशी देऊन उभा केला, तीन पायांवर, आणि बाई म्हणाल्या, "आप्पा, चौथा तुम्ही करा."

मग त्यांनी सांगितलं कसा करायचा. एक पांढरी पूड होती, पाण्यात कालवायची, तिचा करायचा. मातीचा नाही. भाजायचा नाही. रंग जरा फिका ठेवायचा आणि अंग मूळ मातीपेक्षा दोन कागदांइतकं खाली.

"म्हणजे जोड दिसणार," मी म्हटलं.

"दिसलाच पाहिजे. दारातून बघितलं तर कुत्रा अख्खा वाटला पाहिजे आणि जवळ गेलं की नवा पाय कळला पाहिजे."

"बाई, पन्नास वर्षं जोड दिसू नये म्हणून हाडाची काडं केली. आता दिसावा म्हणून करू?"

"हो."

"चांगलं केलं तर चूक, आणि उणं केलं तर बरोबर?"

"उणं नाही हो आप्पा... खरं." एवढंच बोलल्या आणि कामाला लागल्या.

माझ्या बापानं एकदा घागरीच्या गळ्याशी जोड दिसतो म्हणून माझ्या बारा घागरी पायानं फोडल्या होत्या. भाजलेल्या नव्हे, नुसत्या सुकलेल्या, म्हणजे माती परत तुडवून वापरता यावी. मारलं नाही, बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मीच ती माती तुडवली. ज्याच्या पायाखालून असं गेलंय त्याला कुणी सांगावं की जोड दाखव. शिकलेली माणसं आम्हांला आयुष्यभर सांगत आलीत की तुमचं काम जाडंभरडं. आणि मी जेव्हा बारीक करून दाखवू शकतो तेव्हा म्हणायचं, नको, जाडंभरडंच कर. असं मला तेव्हा वाटलं. ते चूक होतं की बरोबर, मी आता ठरवत बसत नाही.

त्यानंतर बाई चार दिवस तोक्योला गेल्या. तोयोसुला त्यांची एक भाची राहते, तिच्याकडं जाते म्हणाल्या. खरं तर तपासण्यांसाठी गेल्या होत्या, ते पुढं कळलं. त्या चार दिवसांत मी पाय केला. मातीचा. संग्रहाच्या मागं डोंगर खणलेला आहे, तिथली माती आणून चाळली, वाळू मिसळली, मूळ पायाच्या तुटलेल्या कडेला नख लावून लावून जुळवली. माती वाळायला घाई चालत नाही, पण पाय लहान होता आणि खोलीत हीटर होता. करडा रंग आणायचा तर धूर लागतो. काळी भांडी करताना आम्ही आवा, म्हणजे आमची भट्टी, वरून मातीनं लिंपून बंद करतो, धूर आत कोंडतो, तसंच करायचं होतं. इथं कुठला आवा? विजेची छोटी भट्टी होती. एक झाकणाचं मडकं घेतलं, त्यात भाताची तुसं भरली, तुसांत पाय ठेवला, झाकण लिंपलं आणि भट्टीत सारलं. तुसं इथं हवी तेवढी, सगळा मुलूख भाताचा. ओनो-सान, म्हणजे संग्रहाचं कामकाज बघणारा गृहस्थ, त्याला वाटलं बाईंनीच सांगितलं असणार. धूर झाला तेव्हा तो बिचारा थंडीत सगळ्या खिडक्या उघडत फिरला आणि मला म्हणाला, "दाइजोबु?" मी म्हटलं, दाइजोबु. सगळं ठीक आहे. पाय बाहेर काढला, गार केला, चिखलपाणी चोळून दोन हजार वर्षांचा केला. बाईंच्याच बाटलीतल्या, पुन्हा सोडवता येणाऱ्या डिंकानं बसवला. कुत्रा उभा राहिला. उशी काढली. उभा राहिला. मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. इतकं चांगलं काम मी जन्मात केलं नव्हतं, आणि हे लिहितानाही मला त्याची लाज वाटत नाही.

बाई परत आल्या. कोट न काढता टेबलाजवळ गेल्या. कुत्र्याभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. भिंग लावलं.

"हा भाजलाय," म्हणाल्या.

"हो."

"किती सुंदर केलाय..." आणि मग खुर्चीत बसल्या. मला वाटलं आता पाठीवर थाप मिळणार. तर बाई म्हणाल्या, "आप्पा, तुम्ही कुत्रा मारलात की हो."

मी म्हटलं, "उभा तर आहे."

"ऐका. मी काही कायमची नाही. पन्नास वर्षांनी कुणीतरी येईल, त्याला शंका येईल. असल्या वस्तूंत खोट्या फार असतात, रोज बनतात. तो कुठला तरी चिमूटभर तुकडा काढून वय तपासायला पाठवेल. आणि त्यानं नेमका हा पाय घेतला तर? उत्तर येईल, कालची माती. मग अख्खा कुत्रा खोटा. त्या कुंभारानं केलेला पट्टा खोटा, कान खोटे. तुमच्या एका पायापायी."

"मग लिहून ठेवा वहीत."

"वह्या हरवतात. आणि खूण नसेल तर तुमचा पाय त्या चिनी कुंभाराच्या नावावर जाणार, ते चालेल तुम्हांला?"

"जाऊ दे. त्याचं तरी नाव कुणाला माहीत आहे?"

यावर त्या हसल्या, पण थकलेलं हसू. म्हणाल्या, "काढून टाकायला मला एक मिनिट लागेल. पण मी नाही काढणार. इतका चांगला पाय माझ्या हातानं मोडवत नाही. तुम्ही स्वतः वरचं अंग थोडं खरवडा, दोन कागदांइतकं. तोवर हा डब्यात घालून कपाटात."

"राहू दे मग कपाटात," मी म्हटलं आणि टोपी घातली.

त्या गुरुवारनंतर मी गेलो नाही. पाऊण वर्ष. बाई महेशकरवी विचारायच्या, आप्पांचा गुडघा कसा आहे, आप्पांना थंडीचे मोजे मिळाले का. कुत्र्याचं नाव नाही. मीही निरोप पाठवायचो, बरा आहे म्हणावं. माझ्याही तोंडी कुत्र्याचं नाव नाही. महेश म्हणायचा, "आप्पा, काय लहान मुलांसारखं करताय दोघं." मी म्हणायचो, तू तुझे धातू बघ. पानगळ सुरू झाली तेव्हा त्यानं सांगितलं की बाई दवाखान्यात आहेत, पोटात पसरलंय, आता तिथून घरी आणणार नाहीत. मग गेलो.

दवाखाना उंचावर होता, खिडकीतून अख्खं शहर दिसत होतं. बाईंचे केस गेले होते, डोक्याला लोकरीची टोपी. मी वरण-भात नेला होता डब्यात. त्यांनी दोन चमचे खाल्ला आणि "सूनबाईंना सांगा, हिंग मस्त" म्हणाल्या. मग आम्ही पाकिटातल्या मातीबद्दल बोललो, पुण्याच्या पाण्याबद्दल बोललो, जपानी माणसं मातीचे घोडे थडग्याच्या आत न ठेवता वर, उघड्यावर का मांडायची याबद्दल बोललो. बाई म्हणाल्या, चीनवाल्यांनी मेलेल्याला सोबत दिली, यांनी जिवंतांना दाखवलं, दोन्ही बरोबर. मी म्हटलं, आमचे बैल पाऊस नेतो, तेही बरोबर. "तेही," म्हणाल्या. निघायला उठलो तेव्हा खिडकीकडं बघत बोलल्या, "आप्पा, वसंतात मांडणार आहेत सगळं. कुत्र्याची जागा सोडून ठेवायला सांगितलीय मी."

मी काय म्हणालो? "बघू" म्हणालो.

बघू. एवढा एकच शब्द. बसथांब्यावर आलो आणि वाटलं परत जावं, उद्याच खरवडतो असं सांगून यावं, त्यांना दाखवायला तसाच उचलून आणावा. बस आली, मी बसलो. दुसऱ्या दिवशी गुडघा दुखला. तिसऱ्या दिवशी बर्फ पडलं. मग असं करत करत तो मंगळवार आला.

पुण्याहून भाऊ यायला दोन दिवस गेले. बाईंनी लिहून ठेवलं होतं, सगळं इथल्या रीतीनं करा, थोडी रक्षा पुण्याला न्या. इथं दहन झालं की सगळ्यांना आत बोलावतात. पत्र्यावर हाडं असतात, पांढरी, नीट मांडलेली, आणि दोन दोन माणसांनी समोरासमोर उभं राहून लांब काड्यांनी एक हाड मिळून उचलायचं आणि कलशात ठेवायचं. मी सहा वर्षांत काड्या हातात धरलेल्या नाहीत. हॉटेलातसुद्धा चमचा मागतो, सून ओशाळते, तरी मागतो. त्या दिवशी पांढरे हातमोजे घातलेल्या माणसानं काड्या पुढं केल्या आणि मी घेतल्या. समोर ओनो-सान. त्यानं नजरेनं दाखवलं, पायाकडून. मी महेशकडं बघितलं. तो हळूच म्हणाला, "आप्पा, आधी पावलांची हाडं ठेवतात, मग वर वर, शेवटी डोकं. म्हणजे माणूस कलशात उभा राहतो. उलटा पडत नाही."

आम्ही पावलाचं एक हाड उचललं. ओनो-सानच्या बाजूनं ते जरा कलंडलं, मी सांभाळून घेतलं. कुठलं हाड ते मला माहीत नाही. काडीच्या टोकाला ते भाजलेल्या मातीसारखंच लागलं, तसाच बारीक आवाज. ठेवलं. आणि मला इतका थकवा आला की भिंतीला टेकलो. इथली माणसं मेलेलं माणूस डब्यातसुद्धा उभं राहावं म्हणून धडपडतात, आणि मी एक कुत्रा वर्षभर डब्यात आडवा पाडून ठेवला होता, त्याचे चारी पाय धड असताना... ज्या बाईनं तो पिठातून वेचून उभा केला, तिनं तो लोकांसमोर उभा बघितला नाही. ते आता दुरुस्त होत नाही. त्याला कसली पूड नाही.

पुढच्या गुरुवारी पहिली बस धरली. ओनो-सान कुलूप उघडत होता. मला बघितलं आणि आत जाऊन डबा आणला. कुत्रा स्पंजात कुशीवर होता. बाईंच्या टेबलावर घेतला, त्यांची पाती घेतली. मागचा डावा पाय. वाटलं होतं, पाच मिनिटांचं काम. तसं नसतं. चांगलं काम करायला हाताला सवय असते, मोजून मापून उणं करायला नसते. जरा जोर गेला तर खड्डा, जरा कमी पडला तर काहीच नाही. दोन कागद म्हणजे किती, तर मी खरोखरच दोन कागद घडी घालून शेजारी ठेवले आणि बोटानं चाचपत गेलो. राखाडी पूड पडत होती टेबलावर. माझ्याच पायाची. चार गुरुवार लागले. तिसऱ्या गुरुवारी ओनो-साननं फिक्या रंगाची वाटी पुढं ठेवली, बाईंनी या पायासाठी आधीच कालवून झाकून ठेवलेली होती.

आणि हेही लिहून ठेवतो, कारण बाईंना खोटं चाललं नसतं. मला पटलेलं नाही. जोड दिसू नये हेच काम, असं मला आजही वाटतं. पटलं म्हणून खरवडला नाही. त्यांनी सांगितलं होतं म्हणून खरवडला, आणि वेळेवर खरवडला नाही.

मागच्या आठवड्यात दालन उघडलं. डुकरीण, कोंबडी, मेंढा, दोन उंट, आणि मधे कुत्रा. मी भिंतीकडच्या बाकावर बसलो होतो, महेश पाणी आणायला गेला होता. एक म्हातारी जपानी बाई काठी टेकत आली, काचेसमोर थांबली, मग कमरेत वाकली, माझ्यापेक्षा वाकडी कंबर, आणि काचेला बोट लावून बरोबरच्या बाईला म्हणाली, "कोको." म्हणजे इथं. बोट मागच्या डाव्या पायावर. दोघी कितीतरी वेळ त्या पायाकडंच बघत होत्या. पट्टा नाही बघितला, कान नाही बघितले. महेश आला तोवर त्या पुढं गेल्या होत्या.

काल गुरुवार होता. मी गेलो, का ते विचारू नका, बस दाराशी येते म्हणून गेलो म्हणा. ओनो-साननं टेबलावर एक डबा आणून ठेवला, आत बदक, चोच नसलेलं. पांढऱ्या पुडीची बरणी शेजारी. मी म्हटलं, नको, थकलोय मी, मराठीत म्हटलं, त्याला काय कळणार. तो दिवा लावून निघून गेला. बाईंच्या फिरत्या स्टुलावर बसलो आणि पुडीची बरणी उघडली. बाई उंच होत्या, स्टूल त्यांच्या मापाचं, माझे पाय जमिनीला टेकत नाहीत, लोंबकळतात. तास-दीड तासात गुडघा भरून येतो. ओनो-सान चहा घेऊन आला तेव्हा त्यानं ते बघितलं, खाली वाकला, स्टुलाच्या दांड्याचा स्क्रू धरला आणि हातानं विचारलं, खाली घेऊ का?

मी त्याचा हात बाजूला केला. नको म्हटलं. असू दे तेवढ्यावरच.